व्यंकटरावांचं पब्लिक

मिनू आणि राहुल,

परवा फोनवर मिनूने जे विचारलं, त्याला मी "नंतर सांगते" म्हणाले. फोनवर तुम्ही कामाला निघालेले असता आणि इकडे माझा कुकर लागलेला असतो. अशा वेळी बोललेलं कुणाच्याच ध्यानात राहत नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि नंतर काही दिवस लिहू-वाचू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तेव्हा त्याआधी हे लिहून हातावेगळं करते.

मिनू, तू म्हणालीस की तुमच्या वर्गात कार्टूनमधल्या कुटुंबांचा अभ्यास चालू आहे. कार्टून बघणारं कोण, यावर त्यातले आई-बाप ठरतात. मोठ्या माणसांनी बघायचं असेल तर बाप ढेरपोट्या आणि बावळट, आई सोसणारी आणि शहाणी. लहान मुलांसाठी असेल तर दोघंही समजूतदार. मुलींनी बघायचं असेल तर घरातली मुलगी धीट होते, आणि मुलांनी बघायचं असेल तर तीच मुलगी दाराआड जाते. मग तू विचारलंस, "आजी, तुमच्याकडे असं काही होतं का गं?"

होतं. तुमचा हा अख्खा विषय लातूरला आमच्या शेजारच्या खोलीत राहत होता. त्याचं नाव व्यंकटराव.

व्यंकटरावांना साधं "किती वाजले?" असं विचारलं, तरी ते घड्याळाआधी आजूबाजूला बघत. "पब्लिक कोण हाय?" हा त्यांचा पहिला सवाल. विचारणाऱ्याला बस गाठायची असेल तर त्यांचं घड्याळ जरा पुढे जाई. त्यांच्या साहेबांनी उशिराबद्दल विचारलं तर तेच घड्याळ मागे येई. मी एकदा चिडून म्हणाले, "अहो, खरे किती वाजले ते सांगा ना!"

"वैनी, खरं लई असतंय," ते म्हणाले. "समोर कोण बसलंय ते बघून वाढावं लागतंय."

आमच्याकडे चहाला आले की मला एकटीला सांगत, "फस्टक्लास! असा चहा देगलुरात मिळत न्हाई." मी आत गेले की आजोबांना हळूच म्हणत, "साखर जरा हात राखून टाकायला सांगा, साहेब." आम्ही दोघं समोर असलो की त्यांना खोकला येई.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. उस्मानाबादेतून वेगळा काढलेला. गावात जागोजागी भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या. पाट्यांचा रंग ओला होता आणि टेबलं यायची होती. आजोबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. त्यांची नांदेडहून बदली झाली. मला तिथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. पाठोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. उस्मानाबादेहून सगळी दप्तरं आली पण पाऊस आणायचा राहिला, असं आजोबा म्हणत. खरं तर तिकडेही तो नव्हता.

व्यंकटराव एका सरकारी खात्याच्या प्रचाराच्या कामावर होते. हुद्दा चित्रकाराचा. काम असं, की गावोगाव जाऊन लोकांना पाणी जपून वापरा, मुलं शाळेत घाला, कुटुंब लहान ठेवा, हे सांगायचं. खात्याने पोस्टरं रंगवायला सांगितली होती. व्यंकटरावांनी पोस्टरं दोन-चार रंगवली आणि मग स्वतःच्या डोक्याने एक डबा बनवला. तेलाचा मोठा पत्र्याचा डबा, आत मोटारीचा दिवा, पुढे एक भिंग, आणि शेजारी ट्रकची बॅटरी. डब्यात रंगवलेली काच सरकवली की समोरच्या पडद्यावर चित्र उमटे. पडदा म्हणजे दोन धोतरं मधोमध शिवलेली.

यापुढची गंमत त्यांची स्वतःची. ते एकावर एक दोन काचा ठेवत. खालच्या काचेवर माणूस, वरच्या काचेवर नुसता त्याचा हात किंवा मिशी. वरची काच मागेपुढे ओढली की पडद्यावर मिशी हले, हात वर जाई. तुमच्या संगणकाने आज जे होतं, ते व्यंकटराव दोन बोटांनी करत.

त्या काचांवर एक कुटुंब राहत होतं. बाप गुंडेराव, पोट सुटलेला, मिशाळ. त्याची बायको कौसाबाई, काटक. गुंडेरावची म्हातारी आई. आणि चार पोरं. दर खेपेला या घरात काहीतरी नवं घडे आणि लोक पुढच्या फेरीची वाट बघत. जीप दिसली की गावातली पोरं "गुंडेराव आला! गुंडेराव आला!" करत मागे धावत. सगळ्यांचे आवाज व्यंकटरावच काढत.

आता मुद्द्यावर येते. गुंडेराव एक नव्हता.

संध्याकाळी पारावर खेळ असला की समोर बापेमाणसं. तिथला गुंडेराव हुशार. कौसाबाई बडबडी, पाणी सांडणारी, पैसा उडवणारी. शेवटी गुंडेराव तिला समजावून सांगे आणि ती पदर डोक्यावर घेऊन मान डोलवी. बाप्ये खूश. दुपारी शाळेच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या लावून बायकांसाठी खेळ असे. तिथला गुंडेराव पक्का येडा. विहिरीवर जाऊन रिकामीच घागर घेऊन येणारा, उंबऱ्याला अडखळून पडणारा. कौसाबाई सगळं निस्तरणारी. एका काचेवर ती त्याच्या पाठीत लाटणं घाली, आणि ते लाटणं वरच्या काचेवर होतं, म्हणजे व्यंकटराव हवं तितक्या वेळा घालू शकत. "आणखी एक!" असं बायका ओरडत.

खात्याचे साहेब पाहणीला आले की घरात दोनच पोरं. उरलेल्या दोघांवर व्यंकटराव काळा कागद चिकटवत. एकदा गडबडीत कागद जरा वर बसला आणि पडद्यावर चार जादा पाय दिसायला लागले. साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"खाट हाय जी," व्यंकटराव म्हणाले.

गुंडेरावच्या भिंतीवर एक चौकट असे. आत काहीच नसे. मी विचारलं, "चौकट रिकामी का?" ते म्हणाले, "वैनी, तुमच्या वस्तीत खेळ झाला तर लोक तिथं त्यांचा फोटो बघतात. पाटलाच्या आळीत त्यांचा देव बघतात. मी कशाला हात लावू? ज्याचा त्यानं बसवून घ्यावा." आम्ही घरात जय भीम म्हणणारी माणसं. भाड्याची खोली शोधताना कुणाच्या भिंतीवर काय आहे, हे मीही आधी बघत असे. त्यामुळे त्या रिकाम्या चौकटीतली अक्कल मला कळली.

एकदा बायकांनी तक्रार केली की कौसाबाईचा आवाज घोगरा आहे. व्यंकटराव माझ्याकडे आले. मी शाळेच्या सुट्टीत एका खेळाला कौसाबाई झाले. खेळ संपल्यावर एका म्हातारीने विचारलं, "ह्या बाई कुण्या गावच्या कलेक्टर हायत?" पुन्हा मला कुणी बोलावलं नाही.

या माणसाचं स्वतःचं घर मात्र मोडलेलं होतं, आणि तेही याच सवयीने.

ते देगलूरचे. घरी आई. तिकडच्या पद्धतीने ते तिला अव्वा म्हणत. बायको रुक्मिण, माहेर उमरीचं. दुष्काळ पडला तसा देगलूरच्या घरापासून पाणी लांब गेलं. हापशावर पहाटेपासून घागरींची रांग. रुक्मिणने सासूला सांगितलं की मी एकटी इतकं पाणी ओढू शकत नाही. अव्वा म्हणाली, "आम्ही न्हाई ओढलं?" दोघींनी आपापली बाजू व्यंकटरावांना सांगितली. चुलीपाशी ते रुक्मिणला म्हणाले, "तुझं बराबर हाय." ओसरीवर अव्वाला म्हणाले, "तू म्हणशील तसं, अव्वा." असं बरेच दिवस चाललं.

मग एके दिवशी दोघी त्यांच्यासमोर एकदम बसल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. "आता बोला," रुक्मिण म्हणाली.

व्यंकटरावांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. पब्लिक दोन होतं. ते उठले. "म्हशीला वैरण टाकून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले.

घरात म्हैस नव्हती.

दुसऱ्या दिवशी रुक्मिण उमरीला निघून गेली. तिच्या भावाकडून, धोंडिबाकडून निरोप आला: "दोघींच्या देखत एकच गोष्ट बोलतील, त्या दिवशी येते. तवर मला न्यायला कुणी येऊ नका."

हे सगळं व्यंकटरावांनीच मला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणत, "आणणार, वैनी. आणणार म्हंजे आणणार." माणूस विनोदी होता, पण या एका गोष्टीत हट्टी होता. रुक्मिण गेल्यावर ते लातूरला बदलीवर आले ते तिच्यासाठी खोली घेऊनच. चूल मांडली होती. परातही आणली होती. पाणी ते सायकलला कॅन लटकवून स्वतः आणत, पण टँकरवर कुणी विचारलं, "काय व्यंकटराव, तुम्ही पाणी भरून राहिले?" तर म्हणत, "पाव्हणे आलेत." वर्षभर त्यांच्याकडे पाहुणे होते. आम्ही एकही पाहिला नाही.

त्या उन्हाळ्यात आजोबांच्या देखरेखीखाली औसा रस्त्याच्या पुढे एका पाझर तलावाचं काम सुरू झालं. रोजगार हमीचं. आसपासच्या गावांतले बाप्ये आणि बाया एकाच ठिकाणी माती उपसत, दगड फोडत. आजोबा म्हणाले, "इतकी माणसं आयती जमली आहेत, संध्याकाळी तुमचा खेळ लावा." मी आणि तुमची आई, ती तेव्हा दुसरीत होती, आम्हीही गेलो.

व्यंकटरावांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. इथे बाप्ये आणि बाया एकत्र बसणार होते. आणि अर्ध्यांनी एक गुंडेराव पाहिला होता, अर्ध्यांनी दुसरा.

गावच्या खेळात धोतर दोन काठ्यांना बांधून मध्ये उभं करत. पुढून बाप्ये बघत. कुणी बायका आल्याच तर त्या पडद्याच्या मागे बसून उलटं चित्र बघत. इथे उघड्या माळावर पुढे-मागे काही राहिलं नाही, दमलेली माणसं जिथे जागा मिळाली तिथे बसली. व्यंकटरावांनी अंधार पडताच सवयीने पारावरचा गुंडेराव लावला. गुंडेराव कौसाबाईला समजावतो आहे.

"ह्यो कोन?" एक म्हातारी मोठ्याने म्हणाली. "ह्यो गुंडेराव न्हाई."

"गुंडेरावच हाय की, आज्जे," एक गडी म्हणाला.

"न्हाई. आमचा गुंडेराव येडा हाय. रिकामी घागर आणतो आन् मार खातो."

"मार? कुणाचा मार?"

"बायकूचा!" दहा-पाच जणी एकदम म्हणाल्या. "लाटण्यानं!"

मग मुकादम उठून उभा राहिला. "व्यंकटराव, आमच्या माघारी तुम्ही आमच्या गुंडेरावला लाटण्यानं हाणून राहिले?"

"आन् आमच्या माघारी कौसाबाईला बडबडी केली व्हय?" म्हातारी म्हणाली. "तरीच आमचं मालक खेळ बघून आलं की शाणे होऊन बोलायलेत!"

गोंधळ माजला. बाप्ये म्हणत होते येडा चालणार नाही, बाया म्हणत होत्या शहाणा चालणार नाही. व्यंकटराव घामाघूम. घाईघाईने त्यांनी काच बदलली, दुसरी बदलली, आणि त्या धांदलीत वरची काच एका चित्राची आणि खालची दुसऱ्या चित्राची अशी लागली. पडद्यावर कौसाबाई उभी राहिली. तिला गुंडेरावची मिशी होती, आणि ती मिशी हलत होती.

आधी तुमची आई हसली. मग म्हातारी. मग मुकादम मांडीवर थाप मारून असा हसला की त्याचा फेटा सुटला. बाप्ये आणि बाया एकाच चित्राला एकाच वेळी हसत होते. खेळ तिथेच संपला. बॅटरी उतरेपर्यंत लोकांनी ती मिशी हलवायला लावली.

परत येताना जीपमध्ये व्यंकटराव डबा मांडीवर धरून बसले होते. आजोबा म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. लोकांना आवडलं."

"आवडलं ते खरं हाय जी," ते म्हणाले. "पर मी धरल्या गेलो."

त्यानंतर ते कामाला लागले. रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून काचा पुसत आणि माझ्याशी वाद घालत. एकच गुंडेराव करायचा, जो सगळ्यांसमोर चालेल. "नुसता येडा केला तर बाप्ये उठून जातात. नुसता शाणा केला तर बाया. मधला कसा असतो, वैनी?"

"तुमच्यासारखा," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. पुसलेलीच काच त्यांनी पुन्हा पुसायला घेतली.

मे महिन्यात मी माहेरी नांदेडला गेले. एके सकाळी व्यंकटराव दारात. डबा, बॅटरी, धोतरं आणि सोबत एक ठेंगणी, करारी म्हातारी. अव्वा. तिला देगलूरहून घेऊन आले होते आणि कुठे नेतोय ते तिला सांगितलं नव्हतं. "नांदेडला गोदावरी बघायला चल, एवढंच बोललो," ते माझ्या कानात म्हणाले. पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती, त्यामुळे म्हातारी आधीच संतापलेली होती.

"वैनी, तुम्हीबी उमरीला चला. एक शाणी बाई पब्लिकमंदी असली की बरं असतंय."

उमरीला धोंडिबाच्या घरापुढे आम्ही उतरलो तेव्हा अव्वाच्या लक्षात आलं. "मला इहिणीच्या दारात आणलंस, मुडद्या?" ती ओरडली. पण आता परत जायला गाडी नव्हती. धोंडिबाने तिला घोंगडी टाकून सन्मानाने बसवलं. रुक्मिण आतून बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा दिसला.

संध्याकाळी गल्ली जमली. जावई खेळ करणार म्हटल्यावर कोण राहील? पोरांनी काठ्या आणल्या, मध्ये रोवायला. बायका नेहमीसारख्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसायला लागल्या.

"काठ्या नकोत," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी धोतराची चार टोकं घेतली आणि सरळ घराच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकली. पडद्याला मागची बाजूच उरली नाही.

"बायकांनी बसायचं कुठं, जावयबापू?" धोंडिबाने विचारलं.

"हितंच. फुडंच."

"बाप्यात?"

"हाव. बाप्यात."

जरा कुरकुर झाली. माणसं सरकली. बायका पदर सावरत एका बाजूला बसल्या, रुक्मिण सगळ्यांत शेवटी, दाराच्या चौकटीला टेकून. अव्वा पहिल्या रांगेत. मी दोघींच्या मध्ये.

पडद्यावर गुंडेराव आला. उजवीकडे त्याची म्हातारी, डावीकडे कौसाबाई. गुंडेरावचं डोकं वरच्या काचेवर होतं. ते उजवीकडे वळे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. दर वळणाला काच टक्कन वाजे. म्हातारीकडे वळला की व्यंकटराव म्हणत, "तू म्हणशील तसं." कौसाबाईकडे वळला की, "तुझं बराबर हाय." टक्, तू म्हणशील तसं. टक्, तुझं बराबर हाय. आधी बायका हसल्या, मग बाप्येही, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाची मान घरी अशीच वळत होती. एक जण म्हणाला, "मान मोडंल की रं गड्याची!"

मग गुंडेराव उठला. "म्हशीला वैरण टाकून येतो," म्हणाला आणि पडद्याबाहेर गेला.

"म्हैस कुठली?" अव्वा भर पब्लिकमध्ये म्हणाली. "हाय का म्हैस आपल्याला?"

गल्ली हसून लोटपोट. व्यंकटरावांनी पुढची काच घातली नाही. पडदा पांढरा राहिला. हसणं थांबलं, लोक वाट बघायला लागले. ते डब्यामागून पुढे आले आणि त्या उजेडात उभे राहिले. सगळ्यांचे आवाज काढणारा माणूस, या वेळी स्वतःच्याच आवाजात बोलला.

"म्हैस न्हाई," ते म्हणाले. "मी पळून गेलतो. अव्वा, रुक्मिण खरं बोलून राहिली होती. इतकं पाणी एकटीनं व्हत न्हाई. हे मला तवाच तुझ्यादेखत बोलायला पायजे होतं. आता घरात पाणी मी भरणार, कुणी काय बी म्हणू. ती माझ्यासंगं लातूरला राहील. तुलाबी तिथंच राहायचंय, पर तिच्यावर वरडायचं न्हाई."

"मी कवा वरडले?" अव्वा ओरडली.

कुणी हसलं नाही. सगळी गल्ली मान वळवून दाराकडे बघत होती. रुक्मिण चौकटीला टेकून तशीच बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिवा बंद करा. बॅटरी उतरायली."

एवढंच. आम्ही नांदेडला परतलो तेव्हा व्यंकटरावांनी मला वाटेत विचारलं, "वैनी, हो म्हणाली का न्हाई म्हणाली?" माझ्याआधी अव्वाच पुटपुटली, "बॅटरीची काळजी करायली म्हंजे काय समजायचं ते समज."

जून लागला तरी आभाळ कोरडंच होतं. एका दुपारी लातूरला रुक्मिण ट्रंक घेऊन उतरली, धोंडिबाबरोबर. व्यंकटराव दौऱ्यावर होते. मी खोली उघडून दिली. तिने कॅन भरलेले पाहिले, चूल पाहिली आणि पदर खोचून खोली झाडायला घेतली. संध्याकाळी मात्र माझ्या दारात आली ती संतापून. हातात काच होती.

"बाई, ही कोन?" तिने विचारलं. "खाटंखालच्या पेटीत हायत. कापडात गुंडाळून. असल्या तीन. ही कौसाबाई न्हाई. कौसाबाईला मी वळखते."

मी काच खिडकीच्या उजेडाला धरली. एक बाई भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब सोडलेले. केस मोकळे. कौसाबाईच्या हातात व्यंकटराव नेहमी काहीतरी देत, घागर, पळी, केरसुणी, लाटणं. या बाईचे हात मांडीवर रिकामे होते. दुसऱ्या काचेवर तीच बाई बाजेवर आडवी, डोळे मिटलेले. तिसऱ्यावर ती कशाला तरी हसत होती. हात, मिशी, हलणारं काही वर नव्हतं. एकेकच काच. हे कुणाला दाखवायला काढलेलंच नव्हतं.

बाईच्या हनुवटीवर तीळ होता. मी समोर पाहिलं.

"रुक्मिण, ही तू आहेस."

तिने काच माझ्या हातातून घेतली, उजेडाला धरली, जवळ नेली, लांब नेली. "मी?" ती म्हणाली. "मी अशी कवा बसले?"

व्यंकटराव रात्रीच्या जेवणाला परतले. जीपमधून उतरताच त्यांना दारात बायको दिसली, तिच्या हातात काच दिसली, आणि मागे मी. तुम्हाला वाटेल की ते आधी इकडे-तिकडे बघतील. त्यांनी पाहिलं नाही.

"मी अशी कवा बसले हो?" रुक्मिणने विचारलं.

"न्हाई बसलीस," ते म्हणाले. "म्हणून काढलं."

मी दार लोटून घेतलं.

पुढे ते दोघं आमच्या शेजारी बरीच वर्षं राहिले. अव्वा दिवाळीला आली ती कायमची, आणि शेवटपर्यंत ओरडत राहिली. पण सुनेवर नाही, टँकरवाल्यावर. व्यंकटराव डोक्यावर घागर घेऊन भर गल्लीतून येत, निम्मं पाणी अंगावर सांडत. टँकरवर कुणी विचारलं तर आता "घरी बायको हाय" म्हणत. गुंडेराव पुढे सगळ्या गावांत एकच राहिला, आणि खरं सांगायचं तर पहिल्याइतका विनोदी राहिला नाही. मग गावात टीव्ही आले आणि डब्याला कुणी बोलवेना.

मिनू, तुमच्या प्राध्यापकांचं म्हणणं बरोबर आहे. बघणारा कोण, यावर काचेवरचं घर ठरतं. मी एवढंच लिहून ठेवते की बघायला कुणीच नसताना माणूस काय काढतो, हेही मी पाहिलं आहे.

आता ते दोघंही नाहीत. डबा भंगारात गेला. गुंडेराव, कौसाबाई आणि त्यांची पोरं घर बदलताना फुटली. रुक्मिणने मला दिलेली एक काच शाबूत आहे, ती हसते आहे ती. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, लोकरी शालीत आहे.